पाय ५ आणि डी४३५आय: लिबरिअलसेन्स सोर्सवरून बिल्ड करताना कंपायलर मरतो, आणि झालं तरी कॅमेरा सुडोशिवाय दिसत नाही

फळगणक

रास्पबेरी पाय ५, ४ जीबी. पाय ओएस ६४ बिट, बुकवर्म, पायथॉन ३.११. कॅमेरा रिअलसेन्स डी४३५आय. काम असं की पट्ट्यावरून जाणाऱ्या डाळिंबांचा व्यास डेप्थवरून, म्हणजे कॅमेऱ्याने मोजलेल्या अंतरावरून, काढायचा. कॅमेरा पट्ट्याच्या वर साधारण ५० सेंमीवर.

कॅमेऱ्याच्या लिबरिअलसेन्स या लायब्ररीच्या सोर्सचा टॅग (आवृत्ती) व्ही२.५५.१ घेतला. सीमेकला (बिल्डची तयारी करणारं साधन) फोर्स_आरएसयूएसबी_बॅकएंड आणि बिल्ड_पायथॉन_बाइंडिंग्ज हे दोन्ही ट्रू दिले, बाकी सगळं जसंच्या तसं. अडचणी अशा:

१. मेक -जे४ दिलं की निम्म्याच्या पुढे «किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस» येऊन थांबतं. -जे१ ने पूर्ण झालं, पण तासाच्या वर गेला.

२. आरएस-एन्युमरेट-डिव्हायसेस (जोडलेले कॅमेरे दाखवणारा प्रोग्रॅम) चालवलं की «नो डिव्हाइस डिटेक्टेड». त्याच्या वर एका ओळीत आरएस२_यूएसबी_स्टेटस_अ‍ॅक्सेस असं काहीतरी. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावलं की दिसतो, पण यूएसबी टाइप २.१ दाखवतो.

३. सुडोने १२८० बाय ७२० डेप्थ ३० फ्रेमला मागितली तर «कुडन्ट रिझॉल्व्ह रिक्वेस्ट्स».

४. पायथॉनमध्ये इम्पोर्ट पायरिअलसेन्स२ केलं तर मॉड्यूलच सापडत नाही.

शिवाय सगळीकडे कर्नल (ओएसचा गाभा) पॅच करा असं लिहिलेलं दिसतं. तो पायवर करायचा की नाही?

---

कर्नलकाका

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे चुकलात तर एसडी कार्डच नव्याने लिहावं लागेल. पॅच करू नका. पॅचच्या स्क्रिप्टच्या नावातच उबंटू एलटीएस आहे. ती उबंटूच्या कर्नलचा सोर्स उतरवून यूव्हीसीव्हिडिओ (यूएसबी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर) आणि सोबतची काही मॉड्यूल बदलून बांधते. पायचं कर्नल वेगळं, ती स्क्रिप्ट त्याच्यासाठी नाही.

पॅच लागतो तो व्ही४एल२ बॅकएंडला, म्हणजे लायब्ररी कर्नलच्या व्हिडिओ ड्रायव्हरमधून कॅमेऱ्याशी बोलते तेव्हा. मूळ कर्नल ड्रायव्हरला रिअलसेन्सचे काही पिक्सेल फॉरमॅट आणि फ्रेमसोबत येणारा मेटाडेटा कळत नाही, ती भर पॅच घालतो. तुम्ही आरएसयूएसबी बॅकएंड घेतलाय, म्हणजे लायब्ररी कर्नल ड्रायव्हरला बाजूला सारून लिबयूएसबीतून थेट कॅमेऱ्याशी बोलते. मेटाडेटाही येतो, आयएमयूही (हालचाल मोजणारा सेन्सर) येतो, आणि उद्या कर्नल अपडेट झालं तरी काही मोडत नाही. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात. /डेव्ह/व्हिडिओ० वरून दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याच वेळी कॅमेरा उघडायचा विसरा. आणि एका बोर्डावर तीन-चार कॅमेरे लावायचे असतील तर हा बॅकएंड त्या कामाचा नाही. एका कॅमेऱ्याला, पायवर, हाच बरोबर.

आता कंपायलर. हा सोर्सचा दोष नाही, रॅमचा आहे. डीमेसेग (कर्नलचे संदेश) बघा, «आउट ऑफ मेमरी» ची ओळ असणारच. पायथॉन बाइंडिंगच्या फाइल पायबाइंड११ (सी++ ला पायथॉनशी जोडणारी लायब्ररी) च्या टेम्प्लेटने भरलेल्या आहेत. त्यातली एकेक फाइल कंपाइल होताना सीसी१प्लस, म्हणजे सी++ कंपायलर, भरपूर रॅम खातो. असे चार एकदम, वर डेस्कटॉप आणि ब्राउझर उघडलेला, ४ जीबीत कसं मावणार? बुकवर्मवर स्वॅप (रॅम भरली की वापरली जाणारी कार्डावरची जागा) वाढवायचा तो असा:

सुडो डीफिस-स्वॅपफाइल स्वॅपऑफ
/ईटीसी/डीफिस-स्वॅपफाइल मध्ये कॉन्फ_स्वॅपसाइझ=२०४८
सुडो डीफिस-स्वॅपफाइल सेटअप
सुडो डीफिस-स्वॅपफाइल स्वॅपऑन

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्ये टाइप करा.) मग मेक -जे२. मध्येच मेला तर क्लीन न करता पुन्हा मेक द्या, झालेल्या फाइल तो परत करत नाही. बिल्ड संपलं की स्वॅप मूळ आकड्यावर आणा, एसडी कार्डावर एवढा स्वॅप कायम ठेवू नये.

बिल्ड हलकं करायचा त्याहून मोठा मार्ग म्हणजे नको ते न बांधणं. पट्ट्यावरच्या पायला व्ह्यूअर (कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) लागणार नाही. आधी ही पॅकेजं आहेत का बघा: गिट, सीमेक, बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, लिबएसएसएल-डेव्ह, लिबयूएसबी-१.०-०-डेव्ह, लिबयूडेव्ह-डेव्ह, पायथॉन३-डेव्ह. जीटीके, जीएलएफडब्ल्यू आणि मेसाची डेव्ह पॅकेजं फक्त खिडकी उघडणाऱ्या उदाहरणांना लागतात. मग बिल्ड फोल्डरमधून:

सीमेक .. -डीसीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज -डीफोर्स_आरएसयूएसबी_बॅकएंड=ट्रू -डीबिल्ड_पायथॉन_बाइंडिंग्ज=ट्रू -डीपायथॉन_एक्झिक्युटेबल=/यूएसआर/बिन/पायथॉन३ -डीबिल्ड_एक्झाम्पल्स=ट्रू -डीबिल्ड_ग्राफिकल_एक्झाम्पल्स=फॉल्स

उदाहरणं पूर्ण बंद करू नका, आरएस-एन्युमरेट-डिव्हायसेस त्यांच्याबरोबरच बांधला जातो आणि तो तुमचा टेस्टर आहे. बिल्ड टाइप रिलीज हे स्वतः लिहा. ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलेली लायब्ररी चालते, पण पायवर डेप्थ आणि रंग जुळवताना प्रोसेसर गुडघे टेकतो, आणि लोक दोष कॅमेऱ्याला देतात.

पर्याय बदललेत की बिल्ड फोल्डर उडवा आणि सीमेक नव्याने चालवा. सीमेककॅश जुनी उत्तरं धरून बसते, विशेषतः पायथॉनच्या बाबतीत.

सीमेकच्या टप्प्यावर नेट चालू हवं. कॅमेऱ्याचं फर्मवेअर आणि काही लायब्ररी तो तेव्हाच उतरवतो. ऑफिसच्या प्रॉक्सीमागे अडत असेल तर इम्पोर्ट_डेप्थ_कॅम_एफडब्ल्यू=ऑफ देऊन फर्मवेअरचा भाग गाळता येतो.

---

कर्नलकाका

राहिलेलं. आरएस२_यूएसबी_स्टेटस_अ‍ॅक्सेस म्हणजे परवानगी नाही, एवढंच. सुडोने दिसतो यावरून तेच सिद्ध होतं. यूडेव्हचे नियम (जोडलेलं उपकरण कोणाला वापरता येईल हे ठरवणारे) टाकायचे राहिलेत, मेक इन्स्टॉल ते काम करत नाही. कॅमेरा काढा. मग लिबरिअलसेन्सच्या मूळ फोल्डरमध्ये उभं राहून, बिल्डमध्ये नाही:

./स्क्रिप्ट्स/सेटअप_यूडेव्ह_रूल्स.एसएच

ती कॉन्फिग फोल्डरमधली ९९-रिअलसेन्स-लिबयूएसबी.रूल्स फाइल /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये ठेवते आणि नियम पुन्हा वाचायला लावते. मग कॅमेरा परत लावा. नियम उपकरण जोडताना लागू होतात, आधीपासून लावून ठेवलेल्या कॅमेऱ्याला काही कळत नाही. कृपया सुडोवर पुढे जाऊ नका. सुडोने चालवलेल्या पायथॉनचा पाथ वेगळा असतो, मग चौथी अडचण आणखी गुंतेल.

याच कुटुंबातला दुसरा संदेश स्टेटस_बिझी. तो आला तर परवानगीच्या मागे लागू नका, आधीचा प्रोग्रॅम कुठेतरी जिवंत आहे. पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी देणारी कमांड) लावून शोधा.

आता पायथॉन. मेक इन्स्टॉलचा लॉग परत काढा आणि त्यात पायरिअलसेन्स२ शोधा, फाइल कुठे पडली ते लिहिलेलं असतं. काही आवृत्त्यांत ती /यूएसआर/लोकल/ऑफ या फोल्डरात जाते. हसू नका, खरंच. इन्स्टॉलची जागा ठरवणारा पर्याय ऑफ असतो आणि ऑफ हेच फोल्डरचं नाव समजलं जातं. पायथॉन तिथे कशाला बघेल? फाइलचं नाव असं असेल: पायरिअलसेन्स२.सीपायथॉन-३११-एआर्क६४-लिनक्स-जीएनयू.एसओ. तिचा फोल्डर पायथॉनपाथमध्ये घाला, किंवा व्हेन्व्ह (पायथॉनचं स्वतंत्र वातावरण) वापरत असाल तर त्याच्या साइट-पॅकेजेसमध्ये थेट फाइल ठेवा.

एक खड्डा आहे तिथे. साइट-पॅकेजेसमध्ये पायरिअलसेन्स२ नावाचा फोल्डर करून त्यात फाइल टाकलीत आणि __इनिट__.पीवाय टाकली नाहीत, तर इम्पोर्ट मुकाट्याने होतो आणि पुढच्याच ओळीला «मॉड्यूल पायरिअलसेन्स२ हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट पाइपलाइन» येतं. पायथॉनने नुसत्या फोल्डरलाच मॉड्यूल मानलेलं असतं. रॅपर्स/पायथॉन/पायरिअलसेन्स२ मधली __इनिट__.पीवाय सोबत ठेवा.

«लिबरिअलसेन्स२.एसओ.२.५५ कॅनॉट ओपन» आलं तर सुडो एलडीकॉन्फिग. तेवढ्याने भागतं.

---

सरळमार्गी

एवढी कसरत कशाला राव? पायवर उबंटू २२.०४ टाका, एपीटीची रिपॉझिटरी जोडा, लिबरिअलसेन्स२-डीकेएमएस आणि युटिल्स इन्स्टॉल करा. पाच मिनिटांत काम.

---

कर्नलकाका

@सरळमार्गी, लॅपटॉपवर अगदी हेच करावं. पण पाय ५ ला उबंटूचा आधार २३.१० पासून आहे, २२.०४ त्यावर बूटच होत नाही. आणि डीकेएमएसचं पॅकेज म्हणजे तोच कर्नल पॅच वेगळ्या पिशवीत, पायच्या कर्नलला तो कामाचा नाही.

सोर्सला हात लावण्याआधी व्हेन्व्हमध्ये पिप इन्स्टॉल पायरिअलसेन्स२ करून बघावं, हे मात्र खरं. तुमच्या पायथॉनला आणि प्रोसेसरला तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) मिळालं तर वरचं सगळं वाचलं. नाही मिळालं तर पिप एका ओळीत तसं सांगतो. व्हेन्व्हबाहेर केलंत तर बुकवर्म «एक्स्टर्नली मॅनेज्ड» म्हणून अडवेल, तो लायब्ररीचा प्रश्न नाही. पिपचं आणि सोर्सचं दोन्ही एकाच व्हेन्व्हमध्ये ठेवू नका. कुठलं लोड होतंय हे कळेनासं होतं.

---

तारवाला

२ नंबरमधल्या यूएसबी २.१ चा आणि ३ नंबरच्या अडचणीचा सॉफ्टवेअरशी संबंध नाही. यूएसबी २.१ दिसतंय तोवर «कुडन्ट रिझॉल्व्ह रिक्वेस्ट्स» येणारच. यूएसबी २ वर कॅमेरा थोडेच मोड देऊ करतो, १२८० बाय ७२० ला ३० फ्रेम त्यात नाही. लायब्ररी म्हणते की मागितलेला मोड यादीत नाही, आणि आपण कोड तपासत बसतो.

एलएसयूएसबी -टी चालवा. कॅमेऱ्याच्या ओळीच्या शेवटी ५०००एम हवं. ४८०एम असेल तर या क्रमाने बघा.

पोर्ट निळा आहे ना? पाय ५ वर दोन निळे, दोन काळे.

केबल. टाइप-सी टोक आहे म्हणून ती यूएसबी ३ ची असेलच असं नाही. फोन चार्जिंगच्या बहुतेक केबलमध्ये यूएसबी २ च्याच तारा असतात. ए टोकाच्या आत बघा: यूएसबी ३ च्या प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच बारीक संपर्क दिसतात. ते नसतील तर केबल बाजूला ठेवा. लांबी जितकी कमी तितकी बरी, एक मीटर पुष्कळ.

घालायची पद्धत. ए प्लग हळूहळू सरकवत घातला तर पुढचे यूएसबी २ चे संपर्क आधी जुळतात, बोर्ड कॅमेऱ्याला २ म्हणून नोंदवून मोकळा होतो आणि मागचे पाच नंतर लागून उपयोग नसतो. काढा आणि एका दमात, खटकन आत घाला. लगेच एलएसयूएसबी -टी. कॅमेऱ्याकडचं सी टोक उलटं करूनही बघा, एका बाजूचे संपर्क मळलेले असतात कधीकधी.

वीज. पाय ५ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर लावला तर तो सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपियर देतो. ५ अँपियरचा, म्हणजे २७ वॅटचा अ‍ॅडॉप्टर ओळखला तर १.६ अँपियर. डी४३५आयचा लेझर प्रोजेक्टर चालू झाला की ओढ वाढते, सोबत कीबोर्ड-माउस असतीलच. लक्षण ठरलेलं: यादीत कॅमेरा दिसतो, स्ट्रीम सुरू केला की गायब होतो, डीमेसेगमध्ये डिस्कनेक्ट. दुसऱ्या मार्गाने ५ अँपियर पुरवत असाल, उदाहरणार्थ पॅनेलमधल्या एसएमपीएसवरून, तर कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१ लिहा. पुरवठा तेवढा नसताना ही ओळ लिहिणं म्हणजे फ्यूजच्या जागी तार घालणं. व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड ने खात्री करा. ०एक्स० हवं, ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं.

---

फळगणक

केबलच निघाली. आत चारच पट्ट्या. बदलली, खटकन घातली, ५०००एम. यूडेव्हचे नियम टाकले, सुडोशिवाय दिसतो. पायथॉनची फाइल खरोखर /यूएसआर/लोकल/ऑफ मध्येच होती. -जे२ आणि २ जीबी स्वॅपवर बिल्ड एका दमात झालं.

आता डेप्थ, रंग, अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो चारही एका पाइपलाइनमध्ये मागतो. अ‍ॅक्सेल २५० हर्ट्झला मागितलं की परत «कुडन्ट रिझॉल्व्ह». दर लिहिलाच नाही तर सुरू होतं, पण थोड्या वेळाने «फ्रेम डिडन्ट अराइव्ह विदिन ५०००».

---

बिंदूमेघ

२५० चं कारण आयएमयूची चिप. सुरुवातीच्या डी४३५आयमध्ये अ‍ॅक्सेलचे दर ६३ आणि २५०, नंतरच्या चिपमध्ये १०० आणि २००. नेटवरचे बरेच नमुने जुन्या चिपच्या काळातले आहेत. आरएस-एन्युमरेट-डिव्हायसेस पर्यायाशिवाय चालवा, मोशन मॉड्यूलखाली तुमच्या कॅमेऱ्याचे दर छापून येतील. आकडा तिथला घ्या.

५००० म्हणजे मिलिसेकंद. वेट_फॉर_फ्रेम्स पाच सेकंद थांबून हात टेकतो. चारही एका पाइपलाइनमध्ये असले की ती सगळ्यांचा एक संच जुळवायला बघते, आणि ३० च्या व्हिडिओला २०० च्या आयएमयूशी बांधताना अडकते. व्हिडिओची एक आणि आयएमयूची एक अशा दोन पाइपलाइन करा. पण मुळात पट्टा जमिनीला आणि कॅमेरा खांबाला बोल्ट केलेला असताना आयएमयू कशाला हवंय? काढून टाका.

व्यासाच्या कामाला याहून महत्त्वाचं सांगतो.

१२८० बाय ७२० चा हट्ट सोडा. ८४८ बाय ४८० घ्या, या कॅमेऱ्याच्या डेप्थला तोच चांगला बसतो. किमान अंतरही कमी होतं: १२८० ला ते साधारण २८ सेंमी, ८४८ ला २० च्या आत. तुमच्या ५० सेंमीला दोन्ही चालतील, पण खांब उद्या खाली आणलात तर फरक पडेल. १५ फ्रेमवर सुरू करा, पट्ट्याच्या वेगाला कमी पडले तर वाढवा.

डेप्थचं एकक मूळ १ मिमी असतं, म्हणजे आकडे मिलिमीटरच्या पायऱ्यांनीच येतात. डेप्थ_युनिट्स ०.०००१ केलं तर पायरी ०.१ मिमीची होते. आकडा १६ बिटचा असल्याने कमाल अंतर साडेसहा मीटरवर येतं, पट्ट्याला त्याचं काय! यामुळे कॅमेऱ्याचा गोंगाट कमी होत नाही, तो काही मिमीचा राहतोच, पण फळाच्या गोलाव्यावर वर्तुळ बसवताना पायऱ्या मध्ये येत नाहीत. स्केल कोडमध्ये ०.००१ असं हाताने लिहू नका, गेट_डेप्थ_स्केल ने वाचा. एकक बदलून गुणाकार जुनाच ठेवला की डाळिंब कलिंगडाएवढं होतं.

डेप्थचे दोन्ही सेन्सर ग्लोबल शटर आहेत, रंगाचा रोलिंग. पट्टा वेगात असताना रंगीत चित्रातलं फळ किंचित तिरकं होतं. म्हणून व्यास डेप्थवरूनच काढा, रंग फक्त प्रतवारीला. मग दर फ्रेमला अलाइन करायची गरज उरत नाही, आणि पायवर सर्वात जास्त प्रोसेसर तोच खातो.

---

फळगणक

आयएमयू काढलं, ८४८ वर आणलं. रात्रभर चालू ठेवून बघतो. एक शंका: पुढे ट्रिक्सीवर (बुकवर्मनंतरच्या आवृत्तीवर) गेलो तर हे बिल्ड चालेल का?

---

कर्नलकाका

पायथॉनचा भाग नाही चालणार. फाइलच्या नावातच सीपायथॉन-३११ आहे आणि ट्रिक्सीवर ३.१३. नव्याने बांधावं लागेल. तेव्हा टॅगही नवा घ्या. ट्रिक्सीवर जीसीसी १४ आहे. १३ पासून सीएसटीडीइन्ट हेडर आडमार्गाने आत येत नाही, त्यामुळे जुन्या सोर्समध्ये «यूइन्ट३२_टी डझ नॉट नेम अ टाइप» अशी माळ लागते. पिपमधून सीमेक ४ टाकला असेल तर तो वेगळाच नाचवेल: ३.५ च्या आधीची सुसंगतता त्यात काढून टाकली आहे, आणि जोडलेल्या एखाद्या जुन्या लायब्ररीवर अडतो. -डीसीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५ दिलं की पुढे जातो, किंवा एपीटीचाच सीमेक वापरा.

जुनं काढायचं असेल तर जुन्याच बिल्ड फोल्डरमधून सुडो मेक अनइन्स्टॉल. तो फोल्डर तोवर पुसू नका. काय कुठे टाकलं याची यादी, इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी, तिथेच असते.